काकूंची शेरी

भोईवाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू फार हळू बोलतात आणि बोलता बोलता थांबून स्वतःशीच हसतात. त्यांचे यजमान दारूपायी गेले. त्यामुळे मागच्या वर्षी परळच्या एका स्पॅनिश हॉटेलात त्यांना जेवायला नेलं, तेव्हा स्वतःसाठी शेरी मागवताना मला जरा चोरट्यासारखंच झालं. शेरी म्हणजे तिकडची द्राक्षांची वाइन. सोबत छोट्या बश्यांतून तापास आले, खारवलेले मासे, ऑलिव्ह आणि लसणीतली कोलंबी.

काकूंनी कोलंबी खाल्ली, माझा ग्लास उचलून एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिल्या.

"काय झालं काकू?"

"काय नाय गो. गावाला किनाऱ्यावर मासे सुकत घालतात ना, तिथला वारा आठवला."

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी त्या गॅलरीत बसतात. स्टुलावर शेरीचा एकच लहानसा ग्लास असतो, बशीत तळलेले बोंबील नाहीतर लसणीतले बटाटे. एक घास, एक घोट, आणि मग कितीतरी वेळ समोरच्या पिंपळाकडे बघणं. तेव्हा मीही त्यांना हाक मारत नाही.

परवा मी त्यांच्याकडे बसले असताना त्यांचे धाकटे दीर न सांगता आले आणि ग्लास बघून दारातच थबकले.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

मला वाटलं, काकू आता ग्लास पडद्याआड सरकवतील.

"हो भाऊजी, मीसुद्धा," त्या नेहमीसारख्याच हळू म्हणाल्या आणि बशी पुढे केली. "बसा. बोंबील गरम आहेत."

दिरांनी एकदा ग्लासाकडे, एकदा बशीकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या.