गादीला सुतक नसतं

बापाचं नाव विचारलं की तो आधी चपला काढायचा. त्या भिंतीशी नीट जोडून ठेवायचा, डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "लिवा की कायबी, भाऊसाहेब. आपलं काय, चालतंय."

मी टाइम ऑफिसात कारकून होतो. चिंचवड स्टेशनाच्या पलीकडे, आज जिथे इमारतीला इमारत चिकटली आहे, तिथे तेव्हा जोंधळ्याची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध आमचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना. कामावर लागायला आलेल्यांची रांग खिडकीबाहेर उभी असायची. हजेरीपटाच्या रकान्यात 'कायबी' लिहिता येत नाही, हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तो नुसता हसला. शेवटी वैतागून मी बापाच्या नावाच्या जागी आडवी रेघ मारली आणि पुढच्या माणसाला हाक दिली. रेघ मारताना मला काहीही वाटलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

कारखान्यात त्याला सगळे 'सरकार' म्हणायचे. वयानं पस्तिशीचा, धारदार नाक, भरघोस मिशा, आणि वागणं सगळं दरबारी. प्रेसवर बसायला स्टूल दिलं तर ते बाजूला सारून उभ्यानं काम करायचा. मॅनेजरनं बोलावलं की हात जोडून पुढे जायचा आणि परतताना त्यांच्याकडे तोंड ठेवून मागे मागे चालत यायचा. एकदा असाच मागे येताना झाकणांच्या पेटीवर आदळला आणि हजारभर झाकणं शेडभर खणखणत पसरली. अर्धा तास आम्ही सगळे रांगत ती गोळा करत होतो.

"अहो सरकार, पाठीला डोळे तरी लावून घ्या," मी म्हटलं.

"सवय हाय, भाऊसाहेब. मोठ्या माणसाला पाठ दावत न्हाईत."

आमचा मॅनेजर कसला मोठा माणूस! पण सरकारांना खुर्चीत बसलेला कुणीही मोठाच वाटायचा.

त्याची हकिगत मला स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात कळली, आणि तीही त्याच्याच तोंडून. कृष्णाकाठच्या एका लहानशा संस्थानातला तो. संस्थान विलीन झालं, हत्ती विकले गेले, पागा रिकामी झाली, आणि राजवाड्यात पोट भरेना तेव्हा हा मिरजेच्या गाडीत बसून इकडे आला. आई राजवाड्यातच, मागच्या सोप्यात. तिथे महाराजांच्या मर्जीतल्या बायका राहायच्या. त्यांच्या मुलांना लेकावळे म्हणत. राजाचे, पण राणीचे नव्हेत. त्यांनी राजाला सरकार म्हणायचं, मुजरा करायचा, पानसुपारीचं तबक धरायचं. बाप म्हणायचं नाही.

"मग तुमचा काय उपयोग त्यांना?" मी विचारलं. तरुण होतो, जीभ सैल होती.

त्याला राग आला नाही. उलट तो जरा ताठ बसला. "आमच्याबिगार राजा जळत न्हाई, भाऊसाहेब."

मग त्यानं ती चाल सांगितली. राजा गेला की युवराजानं प्रेताकडे बघायचं नाही, स्मशानात जायचं नाही, मिशी उतरवायची नाही.

"का? बाप मेलाय ना त्याचा?"

"गादीला सुतक नसतं. आन् गादी रिकामी ऱ्हात न्हाई. मढं उचलायच्या आधी नवा राजा गादीवर बसतो. नगारा वाजतो. मग मागल्या दारानं मढं भायेर."

"आणि अग्नी?"

त्यानं छातीवर हात ठेवला. "थोरला लेकावळा. रगत तर त्येच पायजे न्हवं?"

आता तो थोरला लेकावळा होता. लहानपणापासून त्याला हे सांगितलं गेलं होतं, आणि त्यासाठी ट्रंकेच्या तळाशी एक कोरं धोतर नि पंचा घडी करून ठेवलेला होता. मला संताप आला. जिवंतपणी ज्याला बाप म्हणता येत नाही, त्याच्यासाठी मेल्यावर तेरा दिवस सुतक ओढायचं? दुसऱ्यानं गादीवर लोळावं म्हणून? मी हे सगळं बोललो, आवाज चढवून बोललो. चहावालासुद्धा बघायला लागला.

"चालतंय," तो म्हणाला. मग बशीत बघत हळूच म्हणाला, "त्या दिशी समद्या गावाम्होरं मी त्येंचा ल्योक, भाऊसाहेब. येक दिस का हुईना. कोन न्हाई म्हनंल?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. उष्ट्या पत्रावळीला मान समजणारी. त्यांचा राग करावा की त्यांना ती पत्रावळ देणाऱ्यांचा, हे कळत नाही, आणि तोवर आपला चहा निवून जातो.

पुढच्या उन्हाळ्यात तार आली. 'ताबडतोब निघा', एवढंच. तो खिडकीशी आला तेव्हा चपला काढायला विसरला होता.

आमच्याकडे नियम असा, की आई, बाप, बायको किंवा मूल वारलं तर तेरा दिवसांची रजा मिळे आणि नाव राहत असे. बाकी कुणासाठी तीन दिवसांवर एक दिवस झाला तरी नाव कमी. मी रजेचा फॉर्म काढून मयत म्हणून महाराजांचं नाव लिहिलं. मयताशी नातं काय, असा त्यात रकाना होता. मी लेखणी धरून थांबलो. या वेळी तो 'लिवा की कायबी' म्हणाला नाही. इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "वडील."

मी लिहिलं, वडील. चांगल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं.

मॅनेजरनं फॉर्म पाहिला, हजेरीपट मागवला, रेघेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं हसला. "उद्या कोणीही उठेल आणि राजा माझा बाप म्हणेल! दाखला आणायला सांगा." शेजारचे दोघे-तिघेही हसले. ही रेघ माझी आहे, हा माणूस खरं बोलतोय, हे मला सांगता आलं असतं. एवढं एकच वाक्य. मला तेव्हा लवकरच बढती मिळायची होती. मी बाहेर येऊन त्याला म्हणालो, "तिकडून नात्याचा दाखला आणा. तेरा दिवस नाव राखतो."

"आनतो की," तो म्हणाला. "अग्नी दिल्यावर दाखला द्यायला काय हुतंय?" आणि दुपारची गाडी धरायला ट्रंक घेऊन पळाला.

चार दिवसांनी पुण्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. नवे महाराज गादीवर, जरीचा फेटा, पीळदार मिशा. खाली लिहिलं होतं की प्रजा शोकसागरात बुडाली. अग्नी कुणी दिला याबद्दल एक अक्षर नाही. मॅनेजरनं तो अंक सगळ्यांना दाखवला. "काय थाट आहे बघा! राज्य गेलं तरी रीत सोडली नाही," असं चार-चारदा म्हणाला. माझ्या हाताच्या मुठी टेबलाखाली वळल्या होत्या, आणि तिथेच राहिल्या.

चौदाव्या दिवशी तो खिडकीशी उभा राहिला. मी आधी ओळखलंच नाही. डोकं तुळतुळीत, मिशा गेलेल्या, गाल आत. तेरा दिवस पागेत गवतावर झोपला होता, एक वेळ अळणी जेवला होता. त्यानं खिशातून कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

'सदर इसमाने मयत महाराजांची उत्तरक्रिया राजवाड्याचा सेवक या नात्याने केली. मयताशी त्याचा रक्ताचा कोणताही संबंध नाही व नव्हता, हे त्याने स्वखुशीने लिहून दिले आहे.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ह्योच दाखला दिला. दुसरा न्हाई म्हनले."

मग त्यानं सांगितलं. प्रेत पालखीत बसवलेलं. उन्हं चढत होती. आत नगारा वाजून गेला होता. विस्तवाचं मडकं घ्यायला यानं हात पुढे केला, तर कारभाऱ्यानं त्या हातात लेखणी दिली. पुढ्यात स्टँप पेपर. राज्य गेलंय, आता इस्टेटीची भांडणं कोर्टात जातात. उद्या तू उभा राहशील वाटा मागायला. सही कर, मग मडकं घे.

"आणि तुम्ही केलीत?"

"मढं ताटकळत ठिवायचं का, भाऊसाहेब? लोक बगत हुते. वाकून सही केली, समद्यांस्नी वाटलं आशीर्वाद घेतोय."

इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. अरे, रक्त नाही म्हणता, तर चिंचवडला तार कशाला केलीत? दारावरच्या शिपायाच्या हातात द्यायचं होतं मडकं! रक्त हवं तिथे रक्त काढायचं आणि नको तिथे स्टँप पेपर. आणि याला म्हणे रीत. गादीला सुतक नसतं हे मी मान्य करतो. सुतकाला माणूस लागतो.

मॅनेजरनं तो कागद वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. "घ्या! स्वतःच लिहून दिलंय नातं नाही म्हणून." नाव कमी झालं. हजेरीपटावरून ते मीच कमी केलं. खिडकीशी परत येऊन मी त्याच्यावरच खेकसलो, "तुम्हाला राग कसा येत नाही हो? दगड आहात का?"

तो चालतंय म्हणाला नाही. "आईला हितं आनलीया," म्हणाला. "रैवारी घरी या."

तो रविवार आमची शेवटची भेट. पुढे मायलेक चाकणकडे गेले, तिथे तो कुणाच्या तरी बटाट्याच्या वखारीत लागला, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

आकुर्डीच्या वाटेला एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून त्याची खोली होती. सकाळी नऊच्या सुमारास गेलो. तो उघड्या बोडक्या डोक्यानं दारात बसला होता, आणि आत त्याची आई. बारकीशी बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. एकाच खोलीत एक सुतकातून उठलेला आणि एक सवाष्ण. मी उंबऱ्याशी बसलो.

"भाऊसाहेब, तुमी लिवणारं मानूस," ती म्हणाली. "येक इचारू?"

"विचारा, मावशी."

"कारभाऱ्यानं सांगावा धाडला हुता. मागल्या सोप्यातल्या बायकांनी कुंकू पुसायचं न्हाई, चुडा फोडायचा न्हाई. त्यो मान राणीसायबांचा. आमी रडाय लागलो तर दार लावून घेतलं. नगारा चालला हुता न्हवं." तिनं बांगड्या मनगटावर मागे सारल्या. "चाळीस वर्सं त्येंच्या नावानं लावलं. लावताना कुनी न्हाई म्हटलं न्हाई. आता पुसू का नगं?"

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. दगडानं तिच्या बांगड्या फोडताना मी पाहिलं आहे, आणि मोठा झाल्यावर त्यावरून घरात सगळ्यांशी भांडलो आहे. ही चाल मला विषासारखी वाटते. पण त्या सकाळी मला चीड आली ती या बाईला दुःखाचीसुद्धा परवानगी मागावी लागते याची. पुसू नका असं सांगणारा आणखी एक कारभारी व्हायची माझी हिंमत झाली नाही.

"हितं कुनाचं राज हाय?" तिनं विचारलं.

"कुणाचंच नाही, मावशी."

तिनं मुलाकडे पाहिलं. त्यानं तांब्यातलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. तिनं ओल्या पदरानं कपाळ घासलं, एकदा, दोनदा, कातडी लाल होईपर्यंत. बांगड्या उंबऱ्यावर आपटल्या. आणि हा माणूस, ज्याच्या तोंडून मी कधी मोठा शब्द ऐकला नव्हता, तो तिच्या मांडीवर डोकं घालून ओरडला, "आबा गेलं गं, आई! आबा गेलं!"

ती दोघं मोठमोठ्यानं रडायला लागली. आवाज ऐकून गोठ्यातून शेतकऱ्याची बायको शेणाच्या हातांनी धावत आली. "काय झालं वं? कोन गेलं?" तिनं मला विचारलं.

"ह्यांचे वडील वारले," मी सांगितलं.

कुठले, कोण, कधी, तिनं काही विचारलं नाही. हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मावशींच्या शेजारी जमिनीवर बसली.