पार्किंगमधली भरती

लिंबू-मिरची आमच्या घरी स्वयंपाकात घालतात, दाराला टांगत नाहीत. त्यामुळे अनाकलनीय अनुभवांच्या या सदरासाठी मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहितोय ते भीतीने नाही, रागाने.

आम्ही द्रोणागिरीत, खाडीलगतच्या नव्या वस्तीत राहतो. सोसायटीच्या नावात फ्रेंच आणि इटालियन दोन्ही आहे, दोन्ही चुकीचं. लॉबीत प्लास्टरचे घोडे आहेत. जाहिरातीतला 'सी-व्ह्यू' म्हणजे न्हावा शेवा बंदराच्या क्रेन. मागच्या भिंतीच्या तळाशी, खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडावर, एक जुनी गंजकी झडप होती. ती कुरूप दिसते म्हणून कमिटीने उपटून टाकली आणि तिथे दिव्यांच्या अक्षरांचा सेल्फी-पॉइंट उभारला. फीत, शाल, श्रीफळ, तीन भाषणं...

माझे वडील, अण्णा, त्यानंतर इथे आले. सांगोल्याचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. आई गेल्यावर मीच आणलं. "तुझं शहर म्हणजे आधी उत्तर लिहून मग गणित मांडल्यासारखं आहे रे," असं म्हणायचे. इथलं त्यांना एकच आवडायचं – एकट्याने खाली जाऊन फेरी मारणं.

एका पौर्णिमेला, भर दुपारी, अण्णा जेवता जेवता उठले आणि लिफ्टने थेट बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गेले. मी मागोमाग पोचलो तर दोन्ही हात उंचावून ओरडत होते –

"उघारी पारा रं! पानी आयलं! शेत बुरल!"

ही अण्णांची भाषा नव्हे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या पोराला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. पाणी तर कुठेच नव्हतं. एका कोपऱ्यात जरा ओल होती, इतकंच.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. "फादरना आवरा हो. फ्लॅट बघायला पार्टी आलेली, घाबरून पळाली. आपल्या इमेजचा प्रश्न आहे."

"आपली इमेज बेसमेंटमध्ये असते?"

"जोक नको. हल्ली वृद्धाश्रमसुद्धा एकदम फाइव्ह स्टार असतात."

मीटिंगमध्ये ठराव झाला – अण्णांना एकट्याने खाली सोडू नये. वॉचमनला तशी ताकीदही मिळाली. अण्णांनी तो निकाल शांतपणे ऐकला आणि खिडकीशी खुर्ची ओढली. फेरीच्या वेळी ते तिथेच बसतात, हे मला अजून सहन होत नाही.

पुढची अमावास्या. रणरणतं ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. अण्णा पुन्हा ताटावरून उठले. या वेळी मी अडवलं नाही, बरोबर गेलो. तीच हाक, तोच आवाज. सेक्रेटरी हसत आले. "काय काका, समुद्र आला का पार्किंगमध्ये?"

पाचव्या मजल्यावरचे म्हात्रे वकील गाडी काढत होते. ही जमीन म्हणजे कधीकाळी त्यांच्या घरची शेती. ते गाडीतून उतरले आणि तिथेच थिजले. "हे... हे माझा आजा ओरडायचा. भरतीला बांधावरची झडप पाडायची असते, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. तिलाच आम्ही उघाडी म्हणतो, आजाच्या तोंडी उघारी. काका, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

अण्णांनी कपाळ पुसलं. "काय सांगितलं? मी सांगोल्याचा. आमच्याकडे कसली भरती?"

तेवढ्यात कोपऱ्यातून काळं पाणी आलं. काही आवाज नाही, घाई नाही. बघता बघता ते गाड्यांच्या दारांपर्यंत चढलं. म्हात्र्यांनी बोट बुडवून चाखलं. खारट.

पाणी का आलं ते मला कळतं. झडप काढली, अमावास्येचं उधाण नाल्यातून आत शिरलं. पण अण्णांनी ती झडप कधी पाहिलीच नव्हती. म्हात्र्यांच्या आजोबांना तर नाहीच. मग ते शब्द कुठून आले? माहीत नाही. अण्णांना काही आठवत नाही, आणि मी खोदून विचारत नाही.

कमिटीने याला 'सीपेज' असं नाव दिलं. झडप परत बसवायची तर सेल्फी-पॉइंट काढावा लागेल, म्हणून विषय पुढे ढकलला. अर्थात, आमच्या सोसायटीत असल्या गोष्टींवर कुणाचाच विश्वास नाही. फक्त दर पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या आत बेसमेंट रिकामं होतं. पहिली गाडी सेक्रेटरींची निघते.

अण्णांवरचा ठराव मात्र अजून कायम आहे.