दोरीवरचं हसू

बारच्या गल्लीत तिला सगळे फ्लॅशमावशी म्हणत. लग्नांचे फोटो काढून सुखाने जगायचं सोडून ही बया वीस वर्षं गल्लीतल्या रात्री टिपत हिंडली. गाणारे, भांडणारे, दारावरचे पहारेकरी, भांडी घासणाऱ्या बायका. कोण विचारतंय असल्या फोटोंना? पण तिचा एक नेम होता. काढलेला प्रत्येक फोटो लाँड्रीतल्या दोरीला चिमट्याने लावायचा आणि ज्याचा त्याने घेऊन जायचा.

बारमध्ये भांडी घासणाऱ्या एका पोरीचा मात्र लावायला नको होता. नवऱ्याच्या मारातून पळून आलेली ती, हे मावशीला चांगलं ठाऊक होतं. पण फोटोत पोरगी अशी खदखदून हसत होती, की मावशीला मोह आवरला नाही. मिरवायची हौस, दुसरं काय!

दुपारी ती लाँड्रीत गेली तर फोटो गायब.

"तिचा भाऊ घेऊन गेला," लाँड्रीवाला इस्त्री फिरवत म्हणाला. "कुठे कामाला असते विचारत होता. सांगितलं मी."

"मेल्या, तिला भाऊच नाही!"

मावशी धावत सुटली. बारच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने पोरीचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटत होता. एकदा, पुन्हा, पुन्हा. फरशीवर रक्त आणि साबणाचं पाणी एक झालं होतं. गळ्यातला कॅमेरा मावशीने पट्ट्यासकट काढला, गरकन फिरवला आणि त्याच्या कानशिलात हाणला. भिंग फुटलं. तो वळला, तसा दुसरा घाव नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो आडवा झाला तरी ती थांबेना. "मर मेल्या, मर!" ती किंचाळत होती, आणि तिला अगदी तेच हवं होतं. शेवटी बारवाल्याने कमरेला विळखा घालून तिला मागे ओढलं.

तो मेला नाही. पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात पडला. पोरगी तिथेच वरच्या मजल्यावर होती, ओठाला टाके, एक डोळा मिटलेला.

"माझंच चुकलं गं," मावशी म्हणाली. "आता तुझा फोटो कुठेच लावणार नाही."

"मारताना काय म्हणत होता माहितीये?" पोरगी टाके सांभाळत बोलली. "म्हणे, माझ्या घरात कधी अशी हसलीस का?"

मावशीला रडू फुटलं.

"रडतेस काय, मावशी? फाडला त्याने तो फोटो. निगेटिव्ह आहे ना?"

"आहे."

"मग मोठा करून लाव."