साबुदाणा किती वेळ भिजवता?

"साबुदाणा किती वेळ भिजवता?" काकांनी असं विचारलं, की समजावं, सुई आत जातेय.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या आम्हा मराठी मंडळींना पहिल्यांदा जर्मन डॉक्टरीणबाईंकडे नेलं ते काकांनीच. ते निम्मं आयुष्य तिकडे काढलेले इंजिनिअर, आम्ही पुण्याहून नुकतेच उतरलेले सॉफ्टवेअरवाले. यायचे दुभाषी म्हणून, पण लस टोचताना आपला हात धरून उभे राहायचे आणि ऐन वेळी खिचडीत शिरायचे. आपण "रात्रभर" म्हणेपर्यंत दंडावर पट्टी लागलेली असे. "रात्रभर? लगदा होतो हो!" हे वर ऐकून घ्यावं लागे.

पहिल्याच हिवाळ्यात मला ताप आला. बाईंनी छाती तपासली आणि सांगितलं, चहा प्या, झोपून राहा. ना इंजेक्शन, ना गोळी! मी बाहेर येऊन चिडलो. "काका, दर महिन्याला पगारातून विमा कापतात, तो चहासाठी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "उद्या ऑपरेशन लागलं तर तेही ह्याच विम्यात. देव करो आणि तुझं चहावरच भागो."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याच्या नुसत्या शेजारी असण्यानं बरं वाटतं. पण गंमत पुढेच आहे. साऱ्यांचे हात धरणारे काका स्वतः सुईला टरकायचे. लहानपणी शाळेत देवी टोचणारे आले, की हे खिडकीतून पसार. ऑफिसात दर हिवाळ्यात फ्लूची लस मिळे. काका आम्हाला रांगेत उभं करत आणि "आल्झो, मला मीटिंग आहे" म्हणत गायब होत. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," काकू त्यांच्या तोंडावर म्हणायच्या.

मग त्यांच्या लेकीला दिवस गेले. तिथेच वाढलेली पोर, बोलायला सरळसोट. "बाबा, डांग्या खोकल्याची इम्फुंग घे, लस. नाहीतर बेबी हातात मिळणार नाही. पुंक्ट, विषय संपला!"

काकांची झोप उडाली. हसू नका, खरंच उडाली. नातवंड छातीशी धरायचं होतं आणि मध्ये ती सुई होती. शेवटी काकूंनी आणि आम्ही दोघा-तिघांनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. काका खुर्चीत डोळे गच्च मिटून बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि इतकी वर्षं कानावर पडलेलं ते वाक्य आपल्या जाडजूड जर्मन उच्चारांत विचारलं, "साबुदाणा किती वेळ भिजवता?"

काकांनी खाडकन डोळे उघडले. "मला काय माहीत? खिचडी ही करते!"

वर्षानुवर्षं आमची उलटतपासणी घेणाऱ्या ह्या माणसानं जन्मात मूठभर साबुदाणा भिजवला नव्हता. आम्ही इतके हसलो, की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. पट्टी तोवर लागलीही होती.

नात झाली तेव्हा काका हॉस्पिटलात शर्टाची बाही वर करूनच शिरले, तिकीट दाखवावं तसे. तिला घेतलं आणि मग कोणाच्या हातात देईनात. इतका आनंदी माणूस मी क्वचितच पाहिलाय.

पुढे काका-काकू पुण्याला परतले. त्यानंतर मी माझ्या मुलाला लस द्यायला नेलं. त्याचा हात धरला. बाईंनी इंजेक्शन भरलं, पण टोचेनात. सुई हातात धरून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मग मीच घसा खाकरला आणि विचारलं.