मामांची जीप

वालूरहून सेलूला प्रवासी नेणाऱ्या मामांच्या जीपनेच माझं कॉलेज झालं. आता शाळेत शिकवायलाही मी तिच्यातूनच जातो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. जीपचे धक्के झेलणारे शॉकप केव्हाच गेलेत, पण मामा कबूल करत नाहीत. जड माणसं मागं बसवतात. "वजन बसलं की गाडी उडत न्हाई," म्हणतात. कुणी कंबर धरून ओरडलं, तर "रोडच तसा हाय!"

परवा दिवस भरत आलेली एक बाई आईसोबत दवाखान्यात निघाली होती. मामांनी तिला पुढं बसवलं, अगदी सावकाश चालवलं. तरी चाक खड्ड्यात गेलं आणि जीप उसळत राहिली ती थांबेचना. बाईने पोट घट्ट धरलं.

मामांनी गाडी बाजूला घेतली. सवारी कुणी घ्यायची यावरून ज्याच्याशी मामांचं रोज भांडण, त्याचीच जीप मागून येत होती. मामांनी हात केला.

"या मायलेकींना घे बाबा. माज्या गाडीचे शॉकप गेलेत."

"आज कळलं व्हय मामा?" तो हसला.

मामांनी मान खाली घालून दोघींना त्याच्या गाडीत बसवलं. मग परत येऊन माझी डब्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"तुमी बी जावा मास्तर," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.