पंचफुलाबाईचं बिनझाकणाचं टाकं

बाभुळगावाकडून राळेगावला जाणाऱ्या गाडीवाटेवर, वस्तीच्या तोंडाशीच पंचफुलाबाईचं घर होतं. घर कुडाचं, दोन खणांचं. पण ओसरीत कमरेएवढं सिमेंटचं टाकं. नवरा श्रावण यवतमाळात गवंडीकाम करायचा. छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यानं आधी टाकं बांधलं, भिंती कुडाच्याच राहू दिल्या. गावातले लोक हसले. हसणाऱ्यांना कधी पाणी मागावं लागलं नव्हतं, एवढंच.

पंचफुलाबाईची आई गावच्या विहिरीजवळ रिकामी घागर घेऊन सकाळची दुपार करायची. कुणाला दया आली तर वरून धार, नाही तर 'सरक, शिवशील'. त्या शब्दाची पंचफुलाबाईला एवढी चीड बसली होती की टाक्यावर तिनं झाकणच बसू दिलं नाही. श्रावणनं हौसेनं एक झाकण केलं, तर बाईनं त्याच्या फळ्या चुलीत घातल्या. दीक्षेनंतर वस्तीनं नाल्याकाठी स्वतःची विहीर खणली होती. तिथून ती रोज दहा खेपा आणायची, फडक्यानं गाळून टाकं काठोकाठ भरायची. गाडीवान यावा, कापूस वेचून परतणाऱ्या बाया याव्यात, वाटेल त्यानं हात घालावा, लोटा बुडवावा. कुणी बिचकत विचारलंच, तर पाण्यालाच विचारा म्हणायची.

वस्तीतला म्हातारा उकंडा रोज संध्याकाळी ढोरं चारून आला की कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि मग सावकाश प्यायचा. त्याला तसं पिताना बघून पंचफुलाबाईला टाक्याचं सार्थक झाल्यासारखं वाटे.

रोज नवं पाणी पडतं, म्हणजे टाकं स्वच्छच असणार, असा तिचा पक्का समज. पाच-सहा वर्षांत तिनं ते एकदाही तळापर्यंत रिकामं केलं नाही. डोक्यावरून आणलेलं पाणी मातीत ओतून देणं तिच्या जिवावर येई, आणि त्यात तिचं काय चुकलं म्हणावं?

बासष्टच्या उन्हाळ्यात वस्तीत हगवण-ओकारी सुरू झाली. सरकारी दवाखान्यातला आरोग्यसेवक वामनराव आला. त्यानं सगळ्यांना सुया टोचल्या, विहिरीत औषध टाकलं, आणि जाता जाता टाक्यापाशी थबकला. वाकून बघितलं. मग म्हणाला की टाकं उपसून घासा, झाकण घाला, आत कुणाचा हात जाऊ देऊ नका. घरातल्या एकानंच लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढून द्यावं. माणूस भला होता, आवाजही चढवला नाही. पण पंचफुलाबाईच्या कानात आजाराचं बोलणं शिरलंच नाही, शिरला तो जुना शब्द.

"हात नोका लावू म्हन्यासाठी टाकं नाही बांधलं आमी, साहेब," ती म्हणाली. "माह्या दारात ते कोनीच बोलनार नाही. मीबी नाही."

वामनराव सायकल घेऊन निघून गेला.

लेक सत्यभामा तेव्हा माहेरी आली होती. तिची साडेचार वर्षांची सुजाता दिवसभर टाक्याच्या काठाशी लोंबकळायची. वामनराव येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. बैलगाडी जुंपून यवतमाळला नेत असताना वाटेतच ती गेली. सत्यभामा आईला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरीला माती देऊन आल्यावर दुसऱ्या सकाळी पंचफुलाबाईनं टाकं उपसायला घेतलं. तळाशी बोटभर गाळ निघाला. माती, शेणाच्या काड्या, कुजलेली पानं, आणि हात लावताच सरकणारं बुळबुळीत शेवाळ. श्रावणनं वासानं तोंड फिरवलं. ती मात्र आत उतरली आणि राख न् विटेचा तुकडा घेऊन घासत बसली. घासता घासता तिच्या ध्यानात आलं की ह्या टाक्यात सगळ्यांत जास्त वेळा गेलेला हात तिचाच आहे. अंगण सारवून उठलेला, गाईचं आंबोण कालवून आलेला. जगाला शिवू नका म्हणायचं नाही, ह्या भरात तिनं स्वतःचा हात कधी बघितलाच नव्हता. आत बसूनच ती मोठमोठ्यानं रडली.

श्रावणनं नवं झाकण केलं, ओगराळं आणलं. वस्तीतल्यांनी ते मानलं, कारण सगळ्यांनी सुजाताला खांद्यावर जाताना बघितलं होतं. उकंडा तेवढा पंधरा दिवस राळेगावला लेकीकडे होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परतला त्याच संध्याकाळी नेहमीसारखा ओसरीत चढला आणि झाकण उचलून त्यानं हात पुढं केला.

"थांबा मामा. हात नोका घालू."

उकंडानं हात आवरला. आणि कुणी न सांगता दोन पावलं मागं सरत ओसरीखाली उतरला.

"तूबी, पंचफुले?"

"हो मामा, मीबी." ती म्हणाली. "आपली सुजाता गेली ह्या पान्यानं. पह्यले माहा हात भाईर काढला, मंग तुमाले म्हनून राह्यली."

तिनं ओगराळ्यानं लोटा भरला, ओसरी उतरून खाली गेली आणि त्याच्या हातात दिला. उकंडानं तो धरला, पण बराच वेळ तोंडाला लावला नाही. तो पिईपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही.