पाटीलचे चालते कण

धुळ्याच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रीडिंगं कमी आणि किस्सेच जास्त जमले. रीडिंगं वहीत लिहावी लागायची, किस्से न लिहिताही राहिले.

त्यातले निम्मे पाटीलचे. हा भडगावचा, माझ्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं पीएच.डी. करत होता. गिरणा नदीच्या गढूळ पाण्यातल्या मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर विद्युतभार असतो. करंट दिला की ते चालतात. ते किती वेगाने चालतात, हे पाटील सूक्ष्मदर्शकातून स्टॉपवॉच लावून मोजायचा.

एकदा त्याचे वडील आले. आबांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"करंट गया तर?"

"थांबतस, आबा."

"मंग आपली विहीरवरनी मोटरमा नि या कणसमा फरक काय शे?"

आणखी एकदा ऐन मोजणीत लाईट गेली. ती पाऊण तासाने आली, तोवर स्टॉपवॉच चालूच. पाटीलने तोही आकडा इमानदारीत तक्त्यात लिहिला. गाईड सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हा कण वाटेत कुठे मुक्कामाला होता?"

मग तोंडी परीक्षेचा दिवस. बाहेरून परीक्षक आले, म्हणाले, "आधी कण दाखवा." पाटीलने पाहिलं तर कणच नाहीत. बाटलीतलं पाणी नितळ, तळाला गाळ.

आमचे लॅब अटेंडंट नाना पुढे आले. "सकाळीच तुरटी फिरवली सर. पाहुणे येणार, अन् टेबलावर असलं गढूळ पाणी बरं दिसत नाही."

पाटीलचा चेहरा पाहवेना. सहा वर्षं पाण्यात गेली असंच मला वाटलं.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "मग तुरटीने काय झालं तेच सांगा."

पाटील खडू घेऊन उठला. भार असतो तोवर कण एकमेकांना दूर लोटतात. तुरटीने भार गेला की चिकटतात आणि खाली बसतात. पण तुरटी जास्त झाली तर भार उलटा होतो, कण पुन्हा एकमेकांना लोटतात आणि पाणी गढूळच राहतं. "हे शेवटचं सिद्ध करायला मला दोन वर्षं लागली सर."

परीक्षक उठले, हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर पाटील."

आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जाता जाता ते नानांकडे वळले.

"किती तुरटी फिरवली होती?"

"चार फेरे. जास्त फिरवली की परत गढूळच राहतं."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

नाना म्हणाले, "पहिल्या हंड्यालाच."